पाचवी पायरी

आमच्या टोंकखुर्दला बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. आकाशातून पडतात त्या गारा. आणि त्या पडल्या की गहू आडवा होतो, म्हणून त्यांचे कौतुक मोठी माणसे करीत नाहीत. अशा गावच्या माणसांनी बर्फावरील उड्डाणाविषयी लिहावे याचे वाचकांना हसू येईल. खुशाल येवो!

स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद फळ्या. त्या बांधून खेळाडू डोंगरउतारावरील घसरगुंडीवरून ताशी शंभर किलोमीटरांच्या वेगाने खाली येतो, टोकाशी झेप घेतो आणि अंग पुढे झोकून हवेवर जणू पालथा पडून राहतो. फळ्या तेव्हा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे फाकलेल्या असतात. ही रीत स्वीडनच्या यान बोकलेव्हने रूढ केली, तेव्हा परीक्षक त्याचे गुण कापीत. आता सारेच तसे उडतात! सर्वांत मोठ्या टेकड्यांवरील या खेळाला स्की-फ्लाइंग म्हणतात. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील प्लानिका येथे झाली. ते ठिकाण आज स्लोव्हेनियात आहे. तेथेच ३० मार्च २०२५ रोजी डोमेन प्रेव्हत्स २५४.५ मीटर उडाला. त्याच महिन्यात नॉर्वेतील विकेरसुंड येथे त्याची बहीण निका हिने २३६ मीटरांचा स्त्रियांचा विक्रम केला. एका घरात दोन विक्रम! आमच्या घरी भावाबहिणींचे सायकल कोणी न्यावी यावरही एकमत होत नाही.

२५४.५ मीटर म्हणजे किती, हे पाहण्यासाठी आम्ही शेताच्या वाटेवर फीत धरली. तीस मीटरांची फीत आठ वेळा संपली, वर साडेचौदा मीटर उरले. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा सदरा तेवढा दिसत होता, चेहरा नव्हे.

आता आमच्या लाजेची गोष्ट. मळ्यातील विहिरीत उन्हाळ्यात आम्ही पोहतो. दोन वर्षांपूर्वी सारे मामेभाऊ कठड्यावरून धडाधड उड्या मारीत होते. आम्हीही कठड्यावर चढलो, खाली पाहिले, आणि निमूटपणे पायऱ्या उतरू लागलो. पाण्यापासून पाचव्या पायरीवरून आम्ही उडी मारली. त्या दिवसापासून ‘पाचवी पायरी’ हेच आमचे नाव पडले.

पुढे वाल्टर स्टाइनर या स्विस खेळाडूची हकीकत आमच्या वाचनात आली. तो लाकडावर कोरीव काम करी. १९७२ चा तो पहिला जगज्जेता. या खेळात उतारावर उतरले तर धक्का सौम्य बसतो. परंतु फार लांब गेले की टेकडी सपाट होत जाते, आणि तेथे पडणे म्हणजे गच्चीवरून अंगणात पडणे. १९७४ साली प्लानिकाला स्टाइनर १७७ मीटरांपर्यंत गेला आणि कोसळला. टेकडी त्याला अपुरी पडू लागली होती. मग विक्रम पाहावयास जमलेल्या गर्दीसमोर त्याने इतरांपेक्षा खालून सुरुवात केली, आणि तरीही तोच जिंकला. वेर्नर हेर्झॉग या जर्मन दिग्दर्शकाने त्यावर माहितीपट काढला आहे.

हे वाचून आम्हांस फार बरे वाटले. मामेभावांना आम्ही ते मोठ्याने वाचूनही दाखविले. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर मनाने कबुली दिली की, स्टाइनर खाली उतरला तो आपण किती लांब जाऊ हे त्यास ठाऊक होते म्हणून. आम्ही उतरलो ते पाय लटपटले म्हणून.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही सातव्या पायरीवर उभे राहिलो. मामेभाऊ वरून जुन्याच नावाने हाका मारीत होते. आम्ही वाकून पाणी पाहिले, कपारीचा दगड कोणत्या बाजूस आहे ते धाकट्यास पुन्हा विचारले, आणि मग उडी मारली. नाकात पाणी गेले ते वेगळेच.