पाटी : फाटकावरची आणि हातातली

शाळेला पुरस्कार मिळाला की सर्वांत आधी फाटकावर नवी पाटी चढते. तिच्यावर वर्ष असते, क्रमांक असतो, देणाऱ्याचे नाव असते. त्या वर्षात मुले काय नवे शिकली, एवढे मात्र तिच्यावर नसते. येणारा-जाणारा पाटी वाचतो आणि म्हणतो, “शाळा चांगली आहे!” पण चांगली म्हणजे कशात चांगली, आणि कुणापेक्षा?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला सहावीत घालायचे होते. गावची शाळा पाचवीपर्यंतच. पुढे दोन वाटा : एक शाळा दोन किलोमीटरवर, पायी जाण्याजोगी; दुसरी सात किलोमीटरवर, एस.टी.च्या रस्त्याला आणि पुरस्कारप्राप्त. दोन्ही सरकारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून आप्पांनी प्रश्न माझ्यापुढे टाकला : “फी दोन्हीकडं नाही. मग कुठं जास्त शिकवतात, तेवढं तू सांग.”

मला वाटले, सरकारदरबारी कुठेतरी याचे उत्तर लिहिलेले असेल. परीक्षा तर उदंड होतात! ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची ‘परख’ पाहणी झाली. पण ती नमुना पाहणी. जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र दाखवणारी. आमच्या दोन शाळांत सरस कोणती, हे सांगणे तिचे कामच नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावून तयार होतो. २०२२ च्या अहवालात देशातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ जणांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला होता. म्हणजे वाचता न येताही मूल सहावीच्या बाकावर जाऊन बसू शकते. आप्पांचा प्रश्न किती मोलाचा होता, हे तो आकडा वाचून मला नीट उमगले.

मग मी पुरस्काराकडे वळले. राज्याच्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाच्या २०२४ मधील दुसऱ्या टप्प्यात एकूण १५० गुण होते. पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. वहीत सहज आकडेमोड करून पाहिली. समजा, एका शाळेने पहिल्या दोन भागांत पैकीच्या पैकी, म्हणजे १०७ गुण मिळवले आणि संपादणुकीत निम्मे, २१. बेरीज १२८. दुसरीने संपादणुकीत पूर्ण ४३ मिळवले, पण सुविधा आणि अंमलबजावणी मिळून ८०. बेरीज १२३. जिथे मुले दुप्पट शिकली, ती शाळा पाच गुणांनी मागे! कुणी लबाडी केली असे नव्हे. बेरजेचा स्वभावच असा की, ती वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालते आणि मग पिशवीचे वजन तेवढे सांगते.

मी हे तावातावाने घरी बोलून दाखवले, तेव्हा आईने एकच विचारले : “मुलींच्या संडासात पाणी आहे का?” मी गप्प झाले. भिंतीवरची चित्रे वेगळी आणि पाण्याचे स्वच्छतागृह वेगळे. सहावी-सातवीच्या मुलीच्या दृष्टीने ते स्वच्छतागृह म्हणजे हजेरी, आणि हजेरी म्हणजेच शिक्षण. त्यामुळे सुविधांना गुण देणे मला फुकटचे वाटत नाही. फक्त सुविधेचा गुण अभ्यासाचा म्हणून वाचला जाऊ नये.

बरे, निव्वळ अभ्यासाचेच आकडे घेतले तर? शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल शाळा अभिमानाने फळ्यावर लावतात. इथेही समजा, एका शाळेने वर्गातील चाळीसांपैकी निवडक दहा मुले बसवली आणि नऊ पास झाली. निकाल नव्वद टक्के. दुसरीने चाळीसच्या चाळीस बसवली आणि अठरा पास झाली. निकाल पंचेचाळीस टक्के. पास झालेली मुले दुसरीकडे दुप्पट. पण फळ्यावर नव्वदच उठून दिसणार!

शिवाय मुले येतात कुठून, हेही पाहायला हवे. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास अर्धी वाडी कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते ती पट्टा पडल्यावरच परतते. ज्यांना मागे ठेवायला आजी-आजोबा नाहीत, ती पोरे फडावर जातात. अशी मुले ज्या शाळेच्या पटावर जास्त, तिचा निकाल बसके घेणारच. तो गुरुजींचा निकाल म्हणायचा की उसाचा?

समाजशास्त्राच्या तासाला कोलमन अहवालाचा उल्लेख झाला होता. जेम्स कोलमन यांनी १९६६ साली अमेरिकेतील सुमारे चार हजार शाळांची पाहणी करून दाखवले की, मुलांच्या गुणांतील फरकामागे शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो. त्या दिवशी ते टिपण मी परीक्षेसाठी उतरवून घेतले. उन्हाळ्यात ते आमच्या वाडीचे वर्णन म्हणून वाचले. त्याच देशात १९८२ पासून ‘ब्लू रिबन’ नावाने उत्तम शाळांचा गौरव होत असे. २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारने ती योजना बंद केली. पण तिच्यातील एक गोष्ट मला फार पटली. गौरवाचे प्रकार दोन होते : एक वरचे गुण मिळवणाऱ्या शाळांसाठी, दुसरा मागे पडलेल्या आणि पुढे असलेल्या मुलांमधले अंतर कमी करणाऱ्या शाळांसाठी. शिखरावर उभा असलेला आणि दरीतून अर्ध्यापर्यंत चढून आलेला, दोघांचाही मान; पण वेगवेगळा.

हे मनात ठेवून मी दोन्ही शाळा पाहून आले. पुरस्काराच्या शाळेत प्रयोगशाळा होती, नळाला पाणी होते, बाई प्रेमाने बोलल्या. “आठवीत आज बसलेली मुले सहावीत कोणत्या पायरीवर होती?” असे विचारल्यावर त्यांनी निकालपत्रक पुढे केले. त्यात शेवट होता, सुरुवात नव्हती. जवळच्या शाळेत रंग उडालेला, स्वच्छतागृह होते पण पाणी हापशावरून आणायचे. तेथील गुरुजींनी मात्र कपाटातून एक आखीव वही काढली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार खाने. जूनमध्ये ‘शब्द’ खान्यात असलेली कितीतरी नावे मार्चमध्ये ‘गोष्ट’ खान्यात आली होती. फडावर गेलेल्या पोरांच्या नावापुढे ती परत आल्याची तारीख होती आणि तिथून पुढची नोंद पुन्हा सुरू. एकही नाव खोडलेले नव्हते.

मी आप्पांना जवळची शाळा सांगितली. “तिथं तर पाटी नाही,” ते म्हणाले. मी म्हटले, “आप्पा, तिथं वही आहे.” पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही, आईची काळजीही खरीच आहे. तालुक्यातील पहिल्या शाळेला अभियानात तीन लाखांचे बक्षीस होते. त्यातल्या थोड्याशा पैशांत या शाळेला टाकी आणि नळ मिळाला असता. पण ज्यांच्याकडे आधी नळ होता, त्यांचेच गुण जास्त भरले. ही गोष्ट मला अजून टोचते.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या डी.एल.एड., बी.एड. करून शाळांत जातील. कुणी कधी परीक्षक होऊन शाळांना गुणही देतील. त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. फाटकावरची पाटी जरूर वाचा, पण आत गेल्यावर दोन प्रश्न विचारा : मूल आले तेव्हा कुठे होते आणि आज कुठे आहे? आणि त्याच्याबरोबर आलेली सगळी अजून वर्गात आहेत का? ज्या शाळेला या दोन्हींची उत्तरे देता येतील, तिच्यातल्या मुलांच्या हातातली पाटी कोरी राहणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला