शून्याचा शॉर्टकट

बारामतीत क्लास सुरू केला तेव्हा पोर्शन लवकर संपवायचा मला ध्यास होता. निमगाव केतकी, लासुर्णे, थेट इंदापूरहून मुलं एसटीने यायची आणि परतीच्या गाडीसाठी घड्याळाकडे बघत बसायची. त्यांना झटपट उत्तर हवं असतं, हे मीच ठरवून टाकलं. लिमिट शिकवताना म्हणालो, गुणाकारात एक अवयव शून्याकडे चालला असेल तर उत्तर शून्य लिहा आणि पुढचं गणित घ्या.

एका मुलीने हात वर केला. "सर, आणि दुसरा अनंताकडे जात असेल तर?"

"शून्याने कशालाही गुणलं तरी शून्यच," असं म्हणून मी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पुढच्या चाचणीत 'एक्स गुणिले कॉट एक्स, एक्स शून्याकडे' हे गणित होतं. तिने कॉटचा टॅन करून एक्स भागिले टॅन एक्स असं मांडलं आणि उत्तर १ काढलं. मी त्यावर फुली मारली. शून्य लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण दिले. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली आणि तिने फक्त मागचं पान उलटून दाखवलं. एक्स ०.१ धरून तिने गुणाकार केला होता, ०.९९६७. मग ०.०१ धरून, ०.९९९९७. तपासताना ते पान मी पाहिलंच नव्हतं.

चूक एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. मी तिचे गुण गुपचूप वाढवले आणि वर्गाला काहीच सांगितलं नाही. नवा क्लास, पालकांत नाव व्हायचं होतं. फळ्यावरची रेघ पुसायची हिंमत झाली नाही. तिने त्यानंतर वर्गात कधी हात वर केला नाही. बोर्डाचा पेपर झाल्यावर दोन-तीन मुलं उत्साहाने सांगायला आली, "सर, ते लिमिटचं शून्यच ना?" त्यांचे गेलेले गुण माझ्या खात्यावरचे आहेत.

शून्य गुणिले अनंत ही संख्याच नव्हे. एक्स शून्याकडे नेताना एक्सला एक भागिले एक्सने गुणलं तर १ येतो. एक्सच्या वर्गाला एक भागिले एक्सनेच गुणलं तर शून्य, आणि एक्सला एक भागिले एक्सच्या वर्गाने गुणलं तर गुणाकार हाताबाहेर वाढतो. कोण किती वेगाने चाललंय, यावर सगळं ठरतं. म्हणून हे अनिर्धार्य रूप.

भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त शून्याने गुणून लगेच मोकळं व्हायला मनाई केली आहे. पुढे क्रिया उरली असेल तर ते शून्य तसंच मांडून ठेवायचं. नंतर शून्याने भागायची वेळ आली तर मूळ संख्या अबाधित राहते. तिथलंच उदाहरण : एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिप्पट केलं, शून्याने भागलं, आले ६३. संख्या १४. लिमिटची काटेकोर व्याख्या व्हायला त्यानंतर सातेकशे वर्षं लागली.

आता मी धडा याच उदाहरणाने सुरू करतो, आणि जुना शॉर्टकट फळ्यावर लिहून तो कुठे फसतो हे मुलांकडूनच काढून घेतो. यंदा भिगवणच्या एका मुलाने विचारलं, "सर, भागणारं शून्य गुणणाऱ्याच्या निम्मं असलं तर?" सगळ्यांनी मिळून सोडवलं. संख्या ७ आली. मग तो म्हणाला, वर्ग असला तर? त्या दिवशी एसटीची वेळ होईपर्यंत आम्ही त्यातच होतो : तसं असलं तर ६३ देणारी एकही संख्या सापडत नाही.