सी, सी... बरं, बरं

बऱ्याच वीकेंडनंतर लिहायला बसलोय. विषय पक्ष्यांचा आहे, पण फक्त पक्ष्यांचा नाही.

आमच्या धंद्यात ऑनसाईट म्हणजे अमेरिका, युके, फार तर जर्मनी. २०२४ च्या जानेवारीत माझ्या नशिबी आलं कोस्टा रिका! सांगलीला फोन करून सांगितलं तर बाबांनी तीनदा विचारलं, "कुठे?" मला वाटलं, देशाचं नाव ऐकलेलं नसेल. नकाशाची लिंक पाठवून मोकळा झालो.

राजधानी सान होसे. ऑफिस, अपार्टमेंट, मॉल, परत अपार्टमेंट. तिसऱ्या वीकेंडला भिंती खायला उठल्या तेव्हा एका कलीगनं सुचवलं, अतेनास नावाचं कॉफीचं गाव आहे, तिथे एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या घरामागची खोली शनिवार-रविवारपुरती मिळते. पत्ता काय? तर "चर्चपासून ३०० मीटर पश्चिमेला, मग आंब्याच्या झाडापासून १०० मीटर दक्षिणेला." मस्करी नाही, या देशात पत्ते असेच सांगतात. आंब्याचं झाड म्हटल्यावर गाव मला आधीच निम्मं आपलं वाटलं.

म्हातारबुवा ७६ वर्षांचे. ओहायोमध्ये शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर नवरा-बायको इथे आले, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, हे राहिले. असे निवृत्त अमेरिकन-कॅनेडियन अतेनासमध्ये बरेच आहेत. महिन्याला किमान १००० डॉलरचं आयुष्यभराचं पेन्शन दाखवलं की इथे 'पेन्सिओनादो' म्हणून राहता येतं. १९४८ साली सैन्यच मोडीत काढलेला देश, हवा बारा महिने सुखाची, मग आणखी काय पाहिजे? ते म्हणाले होते, नावानं हाक मार. मला काही ते जमेना. तोंडावर 'सर' आणि मनात 'काका' असं सुरू झालं.

काकांचा दिवस पाचला सुरू. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर सव्वापाच ते सहाच्या दरम्यानच उगवतो. कापडी पिशवीच्या गाळणीतून कॉफी गाळायची (आजीच्या चहाच्या फडक्याची आठवण झाली), अंगणातल्या फळीवर दोन पिकलेली केळी ठेवायची आणि पडवीत दुर्बीण घेऊन बसायचं. आधी निळसर-राखाडी टॅनेजर येतात. मग हॉफमनचा सुतार. मग मोटमोट, शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी हलवत. गावातले लोक त्याला 'बावळट पक्षी' म्हणतात, कारण माणूस जवळ आला तरी हा बसलेलाच. सात वाजता भात आणि काळ्या घेवड्याचा गाल्यो पिंतो, मग बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी ईबर्डवर यादी. एवढ्याशा दिनक्रमाला काकांनी चौदा वर्षं दिली होती, आणि तो कंटाळवाणा नव्हता. या देशाचं क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश, आणि पक्ष्यांच्या जाती ९०० च्या वर!

टेबलावर स्टाइल्स आणि स्कच यांचं १९८९ चं जाडजूड पक्षी-मार्गदर्शक असायचं, पानं सुटलेलं. त्यातले अलेक्झांडर स्कच हे काकांचं दैवत. मूळचे बाल्टिमोरचे. १९४१ साली त्यांनी इथे दक्षिणेकडे शेत घेतलं आणि २००४ मध्ये, शंभरी भरायला आठ दिवस उरले असताना वारले, तोवर तिथेच पक्षी बघत राहिले. "मला एवढंच पाहिजे," काका म्हणायचे.

फेब्रुवारीतली एक सकाळ. टेबलावर फोनवर मर्लिन ॲप चालू होतं. कुठला पक्षी बोलतोय ते हे ॲप आवाजावरून ओळखतं. मला त्यातलं फार कौतुक (मॉडेल कसं ट्रेन केलं असेल, फॉल्स पॉझिटिव्ह किती, वगैरे वगैरे). स्क्रीनवर 'टेनेसी वॉर्ब्लर' हे नाव उमटलं. आपल्याकडच्या वॉर्ब्लरना वटवट्या म्हणतात. हा वेगळ्या कुळातला, पण वटवट तशीच. गंमत म्हणजे हा टेनेसीत ना घरटं करतो ना हिवाळा काढतो. घरटं कॅनडाकडे, हिवाळा इथल्या कॉफीच्या मळ्यांत. १८११ साली वाटेत टेनेसीत सापडला म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे मला सांगता सांगता काका थांबले. नाव परत परत पिवळं होत होतं. त्यांनी विचारलं, "आत्ता बोलतोय का तो?"

"हो की. इथेच, पेरूच्या झाडावर. बारीक चिप-चिप."

ते झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीन वर्षं झाली. नाव दिसतं, पक्षी ऐकू येत नाही."

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, जाड आवाज बराच काळ टिकतात. त्यामुळे घुबड, कबुतर ऐकू येतं आणि वॉर्ब्लर गायब. वर माणसांच्या बोलण्यातले 'स', 'फ', 'त' निसटतात. म्हणजे आवाज येतो, शब्द कळत नाही. यंत्र आहे, पण ते खणात. ओहायोत मुलगी आहे. तिला सांगितलं तर म्हणेल, परत या. अमेरिकेतलं मेडिकेअर इथे चालत नाही, इथल्या सरकारी 'काहा'चे हप्ते ते भरतात, आणि एकटा माणूस आजारी पडतो म्हटलं की मुलीचा पहिला प्रश्न तोच. म्हणून गप्प.

"शेजारीण भाजी आणून देते, बोलते, मी म्हणतो 'सी, सी'. तिला वाटतं या ग्रिंगोला स्पॅनिश येत नाही. माझं स्पॅनिश चांगलं आहे. पण तिला तसं वाटू देणं सोपं पडतं."

मी काय करणार? इंजिनिअर माणूस, पायथन उघडलं. रेकॉर्ड केलेला आवाज निम्म्या वेगानं वाजवला की सगळं एक सप्तक खाली येतं. पुढच्या शनिवारी हेडफोन लावून त्यांना वॉर्ब्लर ऐकवला. ते खो खो हसले. "याला सर्दी झालीय!" मग हेडफोन न काढता त्यांनी तो अकरा वेळा ऐकला. मी मोजलं.

एप्रिलमध्ये सगळे वॉर्ब्लर उत्तरेला निघून गेले आणि यिग्विरो जोरात गायला लागला. कोस्टा रिकाचा राष्ट्रीय पक्षी. मोटमोट-मकाव सोडून या लोकांनी १९७७ साली हा साधा मातकट तपकिरी पक्षी निवडला, आपल्या कस्तुराच्या जातकुळीतला. लोक म्हणतात, हा गाऊन पाऊस बोलावतो. त्याचा गळा भरदार, काकांना नीट ऐकू यायचा. मी त्यांना आपल्या पावशाबद्दल सांगितलं, पावसाच्या तोंडावर तो "पेरते व्हा" म्हणतो आणि शेतकरी तिफण काढतो. त्यांनी ते मराठीतच तीन-चार वेळा म्हणून घेतलं.

ही गंमत बाबांना सांगायला फोन लावला. इथे सकाळचे सहा, सांगलीत संध्याकाळचे साडेपाच. सगळं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, "बरं, बरं. तब्येतीला जप." आणि माझ्या डोक्यात एकदम 'सी, सी' वाजलं.

गेली दोन वर्षं आमचे फोन असेच व्हायचे. मी बोलायचो, ते "बरं, बरं", मग "लाइन खराब आहे रे, आईकडे देतो". मी वैतागायचो, की यांना माझ्या कामात इंटरेस्टच नाही. लाइन कधीच खराब नव्हती.

जरा हळू आणि सुट्टं सुट्टं विचारलं, "बाबा, अंगणातल्या जास्वंदीवर तो शिंजीर येतो का अजून? सकाळी चिवचिवाट करायचा तो?"

"येतो की. रोज येतो," बाबा म्हणाले. "पण हल्ली गप्प असतो."

मला पुढे काही बोलताच येईना. मागून आईचा आवाज आला, "गप्प कुठला! डोकं उठवतो मेला."

असो. त्या वेळी 'कुठे?' असं तीनदा का विचारलं ते मला चार महिन्यांनी कळलं. ताई कोल्हापूरहून आली आणि बाबांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिच्याशी भांडले, मग यंत्र घेतलं. आता कधी घालतात, कधी खणात. मी फोनवर छोटी वाक्यं बोलतो आणि "बरं, बरं" आलं की परत सांगतो.

काका अजून अतेनासलाच आहेत. मी निघायच्या आदल्या रात्री त्यांनी माझ्यासमोर मुलीला फोन केला आणि कानाचं सांगितलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकांनी तिला तीनदा परत सांगायला लावलं. एकदाही 'सी, सी' म्हणाले नाहीत.