मुक्काम

आमचे गाव आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ च्या हुतात्म्यांना वंदन करायला पाहुणे आले, की आमच्या ओसरीवर सतरंज्या पडतात. किती माणसे झोपली, हे कुणी मोजीत नाही.

गेल्या हिवाळ्यात ‘युगवाणी’चे जुने अंक चाळायला दोन दिवस नागपूरला, विदर्भ साहित्य संघात जायचे होते. आई म्हणाली, “महालात मामा असतांनी लॉज कायले?” पण मामांच्या दोन खोल्यांत सहा माणसे. आपण सातवे कशाला व्हा, म्हणून गणेशपेठेत एस. टी. स्टँडजवळ खोली घेतली. खोली स्वच्छ होती, नळाला पाणी होते. झोप मात्र येईना.

सकाळी मामांकडे गेलो. मामींनी कोपऱ्यातली गादी दाखविली.

“आईचा फोन आला होता. अकरापर्यंत वाट पाह्यली तुही.”

मी मान खाली घातली. मामींची अडचण वाचविली असे मी समजत होतो. वाचविला होता तो माझाच संकोच. पाहुण्याला जागा देणे मी घरी शिकलो होतो. कुणी दिलेली जागा घेणे अजून शिकायचे होते.

दुसऱ्या रात्री सातवी गादी पडली. चांगली झोप लागली.