किती पावसाळे?

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्या कारागिराला किती वर्षं काम करतोस, असं विचारावं लागत नाही. भांडं हातात घेतलं की ठोके सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे पडलेत की नाहीत हे दिसतं. तांब्याचा पत्रा शहरापर्यंत आणणाऱ्या ट्रकचालकाचं तसं नाही. त्याचं कसब पाहायला मालकाजवळ काही साधन नसतं, म्हणून तो वर्षं विचारतो. ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, धड अवस्थेतली गाडी आणि घरी परतायचा नेमका दिवस असलेली नोकरी हवी, तर तीन वर्षं दाखव, पाच दाखव. ही वर्षं मिळवायची कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. नव्या मुलाला उभं करतो तो बहुतेक वेळा जुनी गाडी आणि कमी भत्ता देणारा, ओव्हरलोड भरायला मागेपुढे न पाहणारा मालकच. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त सांभाळून घ्यायला हवं, त्याच्याच हाती आपण सगळ्यात धोक्याची गाडी देतो. मला ही रीत चुकीची वाटते, आणि तिचं मूळ वर्षं मोजण्याच्या सवयीत आहे.

कायद्याची अपेक्षा त्या मानाने थोडी आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहतुकीच्या वाहनासाठी वय किमान वीस हवं, आणि शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात असावा लागतो. ज्वलनशील किंवा घातक माल नेणाऱ्या टँकरसाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. ही कागदावरची पात्रता आणि बाजाराने मागितलेली वर्षं यांच्यामधली दरी पूर्वी क्लीनरची सीट भरून काढत असे. गाडी धुणं, टायर ठोकून पाहणं, रस्सी आवळणं, ताडपत्री बांधणं आणि रात्री उस्तादाला जागं ठेवणं या कामांतून मुलगा न शिकवता शिकायचा. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्याला हजारदा ऐकू यायचं. त्या शाळेत शिव्या होत्या, पिळवणूक होती. तिचं गुणगान मी करणार नाही. पण ती शाळा होती. भाडं परवडेना, तशी क्लीनरची सीट रिकामी झाली. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असण्याची सक्तीही 2018 मध्ये उठली. आता नवा मुलगा पहिल्याच खेपेला केबिनमध्ये एकटा असतो.

‘रस्ताच शिकवतो’, असं या धंद्यातली जाणती माणसं म्हणतात. खरं आहे, पण रस्ता वाईट सवयीही तितक्याच इमानाने शिकवतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं, इंजिन बंद ठेवणं ही नवशिक्याची घाबरट चूक नसते. ती रुळलेल्या हाताची लकब असते. अशी लकब अंगात मुरवलेली पाच वर्षं पाटीवर लिहिता येतात, आणि त्या पाच वर्षांवर चांगली नोकरीही मिळते.

मालकाची बाजू पोकळ नाही. गाडीवर कर्ज असतं, हप्ता थांबत नाही, माल दुसऱ्याचा असतो. एका अपघातात छोटा वाहतूकदार बसतो. शिकवून तयार केलेला मुलगा वर्षात दुसरीकडे गेला तर खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्नही रास्त आहे. पण एसटी महामंडळाकडे पाहा. महिला चालक हव्या होत्या आणि अवजड वाहनाचा अनुभव असलेल्या महिला जवळपास नव्हत्याच. तेव्हा महामंडळाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या महिला घेतल्या आणि त्यांना स्वतः शिकवलं. 2023 मध्ये सासवड–नीरा मार्गावर महिलेच्या हाती एसटीचं स्टिअरिंग आलं. अनुभव घडवता येतो, त्याची वाट पाहावी लागत नाही, एवढं यातून दिसतं. एसटी सरकारी आहे, चार ट्रकांच्या मालकाला हे जमायचं नाही, हे मान्य. पण चार-चार ट्रकांचे दहा मालक संघटनेतून एक उस्ताद ठेवू शकतात. भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहेच. चालक-प्रशिक्षणासाठी पुण्याला दूर जावं लागत नाही.

मग किती अनुभव पुरे? माझं उत्तर दोन पावसाळे. पहिला जाणत्या चालकाच्या शेजारच्या सीटवर, दुसरा स्टिअरिंगवर, शेजारी नजर ठेवणारं कोणी असताना. त्यात ओला घाट, धुकं, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, मार्केट यार्डातला पहाटेचा रिव्हर्स, सगळं यायला हवं. एकाच सपाट लाईनवरची सहा वर्षं मला याहून कमी वाटतात. वाहतूकदारांना विनंती एवढीच, की अशा मुलाला सोडताना त्याच्या हाती एक कागद द्या. त्यावर वर्षांचा आकडा नको. तो कोणते घाट, कोणत्या मोसमात, किती भार घेऊन उतरला ते लिहा आणि खाली सही करा.