हिरवी परी

अ‍ॅबसिंथची चव कशी असते? आधी नाकाशी बडीशेप येते, हॉटेलात बिलाबरोबर वाटीत ठेवतात ना, तीच. मग जिभेवर कडू. लहानपणी ज्यांना आजीने काडेचिराइताचा काढा पाजलाय त्यांना जास्त सांगायला नको. आणि मग घशात नुसती आग, कारण मित्राने प्रागहून आणलेल्या बाटलीवर ७० टक्के अल्कोहोल लिहिलं होतं. आपली नेहमीची व्हिस्की ४२.८ वर थांबते.

हा कडूपणा वर्मवुडचा. वर्मवुड म्हणजे चक्क आपल्या दवण्याचा चुलतभाऊ, दोघंही आर्टेमिसिया. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा!

अंधेरीतल्या त्या फ्लॅटवर सगळे "परी दिसणार" म्हणून टपून बसलेले. गार पाणी थेंब थेंब सोडलं की हिरव्याचं दुधाळ होतं, तेव्हा तर एकजण फोटोच काढायला लागला. अरे बाबांनो, बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की तेलाचे बारीक थेंब बाहेर पडतात. बादलीत डेटॉल टाकल्यावर रोज हेच दिसतं :-)

परी काही आली नाही. दोन ग्लासांनंतर कान गरम, जीभ जड, एकाचं जुनं प्रेमप्रकरण. म्हणजे नेहमीचंच.

भास होतात तो दोष वर्मवुडमधल्या थुजोनचा, असं शंभर वर्षं सांगितलं गेलं. २००८ साली बंदीपूर्वीच्या १३ बाटल्या तपासल्या, तर त्यात थुजोन लिटरला सरासरी २५ मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. युरोपातली आजची मर्यादा ३५ आहे. मग बंदी का? १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जाँ लॉंफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. गडी दिवसभर वाइन आणि कोन्याक ढोसत होता, अ‍ॅबसिंथ फक्त दोन ग्लास. पण नाव लागलं ते हिरव्या बाटलीला. १९१० मध्ये तिथे बंदी आली, १९१५ मध्ये फ्रान्समध्ये. वाइन मात्र चालूच!

हे वाचताना मला आमच्या मुलुंडच्या चाळीतले एक काका आठवले. ते प्यायले की काकू आमच्याकडे येऊन बसायच्या, हाताला पदर गुंडाळून. "ती मेली देशी वाईट हो, माणूस वाईट नाही," म्हणायच्या. पुढे काकांना बढती मिळाली, घरात इंग्लिश यायला लागली. काकूंचा पदर तसाच.

आता देशीतही देशी असते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलने. ते खरंच बाटलीतलं विष होतं, माणसाने घातलेलं. पण काकांच्या बाटलीत तसलं काही नव्हतं. साधं, सीलबंद, सरकारी कर भरलेलं इथेनॉल.

काकूंना थुजोनचं कधी सांगितलं नाही. त्यांनी दोष द्यायला एक बाटली शोधली होती, ती काढून घेऊन मी त्यांना काय देणार होतो?