आईचं नाव

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या नणंदेकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. ती नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला असते. निघण्याआधी माळा आवरताना सासऱ्यांचं लाल कापडातलं बासन हाती लागलं होतं. आत मोडीतले कागद आणि सासऱ्यांनी बाळबोधीत उतरवलेली वंशावळ. "मोडी कुणाला येतेय? ठेवायचं कशाला?" हे म्हणाले. मीही ते रद्दीवर ठेवून निघाले.

रॅलेहून मोटारीनं अडीच तासांवर क्रेसवेल हे खेडं. सपाट शेतं, मध्येच पाणथळ रान. तिथे फेल्प्स तळ्याकाठी 'सॉमरसेट प्लेस' हा जुन्या जमीनदाराचा वाडा आहे. जवळच एक लांबलचक कालवा. १७८६ साली थेट आफ्रिकेतून आणलेल्या ८० माणसांना गुलाम म्हणून राबवून तो खणून घेतला.

पण मला आवडली ती या वाड्याची पुढची गोष्ट. डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड ही चारचौघींसारखी नोकरी करणारी बाई. १९७७ साली टेलिव्हिजनवर 'रूट्स' ही मालिका लागली आणि 'आपली माणसं मूळची कुठली?' हा प्रश्न तिच्या घरात उभा राहिला. उत्तराला जवळजवळ दहा वर्षं लागली. कारण १८७० पूर्वीच्या शिरगणतीत गुलामांची नावंच नसत. मालकाच्या नावाखाली नुसतं वय, बाई की पुरुष, वर्ण अशा नोंदी. नावं मिळाली ती कचेरीतल्या खरेदीखतांत आणि मालक कॉलिन्स घराण्याच्या कागदांत. गुरं मोजावीत तशा माणसांच्या याद्या! पण त्याच याद्यांवरून घराणी जुळली. ३० ऑगस्ट १९८६ ला दोन हजारांवर माणसं त्या अंगणात जमली. मालकाचा वंशजही आला होता. पुढे वाड्याची व्यवस्थाच रेडफर्डबाईंच्या हाती आली. गुलामांची घरं आणि त्यांचा दवाखाना आता तिथे पुन्हा बांधलेला दिसतो.

नणंदेनं आणखी एक गोष्ट सांगितली. आई गुलाम तर मूल गुलाम, असा तिथला कायदा होता. म्हणून मूल कोणत्या आईचं, हे मालकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ आमची वंशावळ आठवली. सात पिढ्या, सगळे पुरुष! दोन्ही गोष्टींची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण तिथे लोभापायी का होईना, आईची नोंद राहिली. आमच्या मानाच्या कागदात मात्र आईला जागाच नाही.

रात्री ह्यांना फोन केला, "रद्दी घालू नका हं!" नशीब, रद्दीवाला आला नव्हता.

घरी आल्यावर वंशावळ घेऊन सासूबाईंजवळ बसले. "आई, तुमचं लग्नाआधीचं नाव काय हो?" लग्नाला बारा वर्षं झाली, तरी मला ते ठाऊक नव्हतं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "अगं, हे विचारायला अमेरिकेला जावं लागलं होय?"

स्वतःचं, सासूचं, आजेसासूचं अशी तीन पिढ्यांची नावं त्यांनी सांगितली. मी ती जागच्या जागी लिहिली, खाली माझंही. त्यामागच्या चौघींच्या जागा रिकाम्याच राहिल्या. मोडीतले कागद आता वाचणाऱ्याकडे द्यायचे आहेत; त्यात कुणी सापडली तर पाहू.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर असं एखादं बासन असेल. ते सांभाळाच, पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ घटकाभर बसा. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत.